चार खांब आणि वीस कागद

मी घाईचा माणूस नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे एक काम उरकलं.

चौतीस वर्षं मी पेपर मिलच्या लगदा खात्यात काढली. घर बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यात आणि मिल गाडीनं पाऊण तासावर, त्यामुळे मिलचा भोंगा घरी ऐकू यायचं कारण नव्हतं. पण तो माझ्या कानात कायमचा बसला होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी पहाटे साडेपाचला वाजतो. मग मी उठतो, आंघोळ करतो, कपडे करतो आणि कोणी उठायची वाट बघत घरभर भांडी सरकवतो. कोकिळा, म्हणजे आमची सौभाग्यवती, याला घाई म्हणते. मी शिस्त म्हणतो.

आमच्या गल्लीतली पोरं परदेशी शिकायला जातात, त्यांचे आईबाप स्टेशनवर रडतात, हे सगळं मी पाहिलेलं आहे. पण जगात कोणासाठी तरी बुऱ्हाणपूर हेच परदेश असेल आणि कोणाचे तरी आईबाप त्यासाठी रडले असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. गेल्या वर्षी जूनच्या शेवटी युना आली तेव्हा ते आलं.

युना दक्षिण कोरियाची. वय पंचवीस. तिकडे हातानं कागद बनवायचं शिक्षण घेत होती, आणि केळीच्या खांबाचा लांब धागा न तोडता त्याचा कागद करायचा, असा तिचा विषय होता. केळी म्हटल्यावर बुऱ्हाणपूर आलं. कागद म्हटल्यावर मी आलो. तिच्या विद्यापीठाला इथे एक जबाबदार यजमान हवा होता, आणि जबाबदार हा शब्द वाचून मी अर्ध्या तासात उत्तर पाठवलं. कोकिळाला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

अट साधी होती. दहा आठवड्यांत वीस कागद. सहा सप्टेंबरचं विमान. कागद झाले नाहीत तर सत्र नापास, शिष्यवृत्ती बंद, आणि पोरगी परत वडिलांच्या छापखान्यात पावत्या छापायला. हे तिनं आल्याआल्या स्वच्छ सांगितलं. मी म्हटलं, “बेटा, वीस कागद? आमच्या मिलमध्ये एवढे शिंकेत निघायचे.”

तिला आणायला मी स्टेशनवर गेलो तेव्हा गाडी साडेचार तास उशिरा आली. पोरगी उतरली, कमरेत वाकली आणि म्हणाली, “विलंब के लिए मैं क्षमा चाहती हूँ।” रेल्वेच्या वतीनं माफी मागणारी व्यक्ती मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. हिंदी ती तिकडच्या कॉलेजात पुस्तकातून शिकली होती. आमच्या गावात हिंदी सगळेच बोलतात, पण इतकी शुद्ध हिंदी ऐकून रिक्षावाल्यानं तिला विचारलं, “मैडम, आप आकाशवाणी में हो क्या?”

दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या भिंतीवर तक्ता लावला. सात रंगांचा. सोमवारी खांब कापणे, मंगळवारी सोपटं, म्हणजे खांबाची सालं, सोलणे, बुधवारी भिजत घालणे, असे साठ-सत्तर चौकोन. मी तो तक्ता बघितला आणि माझा ऊर भरून आला. चौतीस वर्षांत मला असा माणूस भेटला नव्हता. मी कोकिळाला म्हटलं, “बघ, याला म्हणतात नियोजन.” ती म्हणाली, “कौतिकभाऊंना दाखवलं का?”

कौतिकभाऊ म्हणजे बहादरपूरचे केळीवाले. माझी त्यांची ओळख जुनी. केळीचे खांब त्यांच्याकडून घ्यायचे ठरले होते. सोमवारी आम्ही स्कूटरवर त्यांच्या मळ्यात पोहोचलो, मी कुऱ्हाड घेऊन, युना तक्त्याचा फोटो घेऊन. कौतिकभाऊ बांधावर बसले होते. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला, पावसाची गोष्ट काढली, तब्येत विचारली, पुन्हा चहा सांगितला. युना घड्याळाकडे बघत होती. शेवटी मीच विषय काढला.

“खांब ना? देऊ ना,” कौतिकभाऊ म्हणाले. “घड उतरू द्या.”

“घड कधी उतरणार?”

“पिकाच्या मनात आलं की.”

“पण अंदाजे? तारीख?”

“भाऊ, घड उतरल्याबिगर खांब कापत नाही कोनी. पोटुशी बाईले कोनी घराबाहेर काढतं का? आन् घड उतरला तरी खांब लगेच कापत नाही मी. त्याच्या बुडाशी पील असतो, लहान लेकरू. खांब त्याले पाजत राहतो. जरा मोठं होऊ द्या लेकराले.”

मी हे युनाला हिंदीत समजावून सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं आणि सोमवारच्या चौकोनावर बारीक फुली मारली. मंगळवारी पुन्हा फुली. अशा पंधरा दिवसांत तक्त्यावर फुल्याच फुल्या झाल्या.

या काळात एक सरकारी कामही होतं. परदेशी पाहुणा घरी ठेवला की यजमानानं नोंद करावी लागते. कचेरीचं नाव घेत नाही, कारण चूक कोणाची नव्हती. यंत्र बंद होतं. मी पाचदा गेलो. पाचही वेळा बाबूजी म्हणाले, “सर्वर डाउन है, अंकल, बैठिए.” मी बसलो नाही. मी स्वभावानं शांत आहे, हे मी त्या कचेरीत ओरडून सांगितलं. सहाव्या वेळी युनाला घेऊन गेलो. ती म्हणाली, “कृपया मुझे विलंब का कारण बताइए।” बाबूजी खुर्चीतून उठले. असं वाक्य त्यांनी बारावीच्या पेपरानंतर ऐकलं नव्हतं. कारण सांगितल्यावर ती म्हणाली, “कोई बात नहीं। मैं प्रतीक्षा करूँगी।” आणि खरंच बाकावर बसली.

दुपारी बाराला मी रागारागानं घरी निघून आलो. चारला तिला घ्यायला गेलो तर नोंद झालेली, शिक्का बसलेला, आणि बाबूजी व ती समोरासमोर बसून मावा जिलेबी खात होते. चार तासांत बाबूजींनी तिला आपल्या मूतखड्याचा सगळा इतिहास सांगितला होता, आणि तिनं तो वहीत लिहून घेतला होता. “अंकलजी, जब मैं बैठी, तब काम चला,” ती म्हणाली. मला ते जरा लागलं.

पण खरं सांगायचं तर तोवर तिला स्वतःलाच सोसत नव्हतं. दर सोमवारी तिच्या प्राध्यापकांचं पत्र यायचं, प्रगती कळवा म्हणून. तिसऱ्या सोमवारी ती तक्त्यासमोर उभी राहून रडली. आवाज न करता, पाठ सरळ ठेवून. मी घाबरलो. मी म्हटलं, “बेटा, मी आत्ता कौतिककडे जातो आणि…” कोकिळानं मला हातानंच गप्प केलं. तिनं युनाची समजूत वगैरे काढली नाही. दोन किलो गवार तिच्यापुढे ओतली आणि म्हणाली, “हे निवडून दे.” पोरगी दोन तास गवार मोडत बसली. कोकिळा शेजारी बसली, तिला तिच्या आईबद्दल विचारत राहिली. तिची आई ती दहावीत असताना गेली होती. हे मला तीन आठवड्यांत कळलं नव्हतं. मी फक्त तक्ता बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत रिकामी. तक्ता युनानंच उतरवून खाली अंथरलेला, त्याच्यावर गवारीच्या शिरा.

त्या दिवसापासून युना बदलली, आणि माझे हाल सुरू झाले. ती रोज कोकिळाची स्कूटर घेऊन बहादरपूरला जायची आणि नुसती बसायची. कौतिकभाऊंबरोबर बांधावर. कौतिकभाऊंच्या घरच्यांबरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची. घडातल्या केळ्याचं बोट दाबून बघायला शिकली. कुठल्या झाडाचा घड कधी उतरेल हे सांगायला लागली. परत आली की मी विचारायचो, “आज काही झालं?” ती हसून म्हणायची, “होई जाईन, अंकलजी.” म्हणजे होऊन जाईल. शुद्ध हिंदीतून उठून पोरगी थेट कौतिकभाऊंच्या बोलीत जाऊन बसली होती. मध्ये मराठीचं स्टेशन लागतं, तिथे उतरलीच नाही.

आता घाई मला झाली. म्हणजे शिस्त. कारण गल्लीत बोलणं सुरू झालं होतं. शेजारचे मोतीलाल, यंत्रमागवाले, रोज संध्याकाळी फाटकावर यायचे. “सुधाकर भाई, कागज़ बना?” “नहीं.” “मेरा साला इंदौर में है, उसके पास मशीन है. मिक्सर जैसी. डालो इधर, निकालो उधर.” मोतीलालजींच्या प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी इंदूरचा साला असायचा. त्या साल्याकडे जगातलं प्रत्येक यंत्र होतं आणि एकही यंत्र कधी बुऱ्हाणपुरात आलं नाही. पण चौतीस वर्षं लगदा खात्यात काढलेल्या माणसाला यंत्रमागवाल्यानं कागदावर सल्ला द्यावा, हा घाव खोल गेला. मी इतवारा बाजारातून लोखंडी पिंप आणलं, परसात चुलीवर चढवलं आणि कॉस्टिक सोड्याची थैली आणून ठेवली. खांब येऊ द्या, दोन दिवसांत लगदा काढून दाखवतो म्हटलं.

युनानं पिंप बघितलं. “अंकलजी, सोडा से धागा टूटेगा. मेरा विषय ही है कि धागा न टूटे.”

“अगं, पण वेळ?”

“राख के पानी में दस दिन,” ती म्हणाली. “बस.”

आता समोरच्या पार्वतीमायबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पार्वतीमाय आमच्या गल्लीतल्या सगळ्यात वडील. वय ऐंशीच्या आसपास, आवाज चाळिशीतला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्या घरी कानबाई बसते. खानदेशातलं मोठं दैवत. चौरंगाला केळीचे चार खांब बांधतात, मधे नारळाची देवी, तिला नथ, डोळे, साडी. सोमवारी सकाळी खांबांसकट वाजतगाजत तापीवर विसर्जन. आणि देवी बसते त्या रविवारी जो स्वयंपाक होतो, सव्वा मुठीच्या मापानं दळलेल्या गव्हाचा, त्याला रोट म्हणतात. तो रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही. घरातल्यांनीच खायचा, घरातच संपवायचा. शेजाऱ्याला, पाहुण्याला, कितीही जवळच्याला तो मिळत नाही.

माझे वडील साताऱ्याकडून मिलसाठी इकडे आले. आमच्याकडे कानबाई नाही. एकतीस वर्षं मी त्या घरासमोर राहतो. पार्वतीमायच्या दोन मुलींच्या लग्नात मी वाढपी होतो, त्यांच्या यजमानांना खांदा दिला. दर श्रावणात पुरणाचा वास समोरून येतो आणि आमच्या ओट्यावर येऊन बसतो. रोटाचा तुकडा काही येत नाही. मी कधी बोलून दाखवलं नाही. फक्त दर वर्षी कोकिळाला एकदा सांगतो.

तर कानबाईच्या आदल्या गुरुवारी कौतिकभाऊंचा फोन आला. “भाऊ, या आठवड्यात खांब उतरतीन. चार ठेवले पोरीसाठी.”

शुक्रवार गेला. शनिवार गेला. विमानाला तेवीस दिवस. रविवारी पहाटे माझ्या कानात भोंगा वाजला, मी दार उघडलं, आणि आमच्या ओट्याला टेकून केळीचे चार खांब उभे. ताजे, पानांसकट, दव पडलेले. माझा आनंद गगनात मावेना. घरात सगळे झोपलेले. मी ठरवलं, पोरीला उठल्यावर थक्क करायचं. कुऱ्हाड घेतली, खांब परसात नेले आणि मिलच्या शिस्तीत हातभर नाही, वीतभर नाही, बोटभर तुकडे करून पिंपात भरले. सहा वाजता काम फत्ते. चूल पेटवायला काडी घेतली, तेवढ्यात गल्लीत आवाज झाला.

“माह्या कानबाईचे खांब कोनी नेले?”

काय झालं होतं ते दोन मिनिटांत कळलं. कौतिकभाऊंचा टेंपो पहाटे चारला खांब टाकून गेला होता. पार्वतीमायच्या ओट्यावर ओली रांगोळी, म्हणून टेंपोवाल्यानं ते समोर, म्हणजे आमच्या ओट्याला लावले. दर वर्षी असंच करतात म्हणे. एकतीस वर्षांत हे मला का माहीत नव्हतं? कारण एकतीस वर्षं कानबाईच्या पहाटे मी पहिली गाडी पकडायला मागच्या दारानं स्टेशनकडे पळत होतो.

पार्वतीमाय परसात आल्या. त्यांनी पिंपात वाकून बघितलं. मागे मोतीलालजी, त्यांच्या मागे अर्धी गल्ली. माझ्या हातात काडी.

“सुधाकर,” त्या हळूच म्हणाल्या, आणि तेच जास्त वाईट होतं, “माही कानबाई उभी कशी राहीन आता?”

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. मोतीलालजी म्हणाले, “मेरा साला इंदौर में…” आणि पार्वतीमायनं नुसतं बघितल्यावर थांबले. इंदूरचा साला इतक्या लवकर संपलेला मी प्रथमच पाहिला. देवी नऊला बसायची. त्या दिवशी घरोघर कानबाई, त्यामुळे बाजारात खांबाचं पानसुद्धा मिळणार नव्हतं.

युना पायऱ्यांवर उभी होती, केस मोकळे, डोळ्यांत झोप. तिनं पिंपाकडे बघितलं, पार्वतीमायकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग स्कूटरची किल्ली उचलली. “अंकलजी, पीछे बैठिए।”

मी मागे बसलो. बहादरपूरच्या रस्त्याला खड्डे आहेत हे मला त्या दिवशी पाठीच्या कण्यातून कळलं. मी सतत म्हणत होतो, जोरात घे, जोरात घे. ती एकाच गतीनं चालवत होती. कौतिकभाऊ बांधावरच होते. मी गाडीवरूनच ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“सुटे खांब सारे रात्रीच गेले, भाऊ. आता जे उभे ते घडासकट. ते मी कापनार नाही. कानबाईले बी ते आवडनार नाही.”

मी मटकन बांधावर बसलो. युनानं स्कूटर बांधाला लावली. ती सरळ मळ्यात शिरली, मागच्या कोपऱ्यापर्यंत. आम्ही मागोमाग. तिथे चार झाडं उभी होती, घड उतरवलेली, बुडाशी गुडघाभर पील. चारही झाडांना लाल सुताचा धागा बांधलेला.

“हे पोरीचे,” कौतिकभाऊ म्हणाले. “चांगले निवडून ठेवले मी. सरळ, लांब. महिनाभर रोज येऊन बसली ती यांच्यापाशी. उद्या कापनार होतो.”

युनानं एका खांबावर हात ठेवला. मग धागा सोडला. मग दुसरा. तिसरा. चौथा. चारही धागे मनगटाला गुंडाळले आणि म्हणाली, “काटिए, काका. कानबाई के लिए.”

“युना,” मी म्हटलं, “तुझे वीस कागद?” पिंपातले तुकडे बोटभर होते. लांब धाग्याचा तिचा विषय मी पहाटे सहापर्यंत कुऱ्हाडीनं संपवला होता. हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

“अंकलजी,” ती म्हणाली, “पार्वतीमाय नौ बजे प्रतीक्षा कर रही हैं. और प्रतीक्षा करना तो मुझे आता है.”

मी खूप माणसं पाहिली आहेत. मिलमध्ये तीन हजार कामगार होते. पण त्या चिखलात त्या पोरीकडे बघताना मला वाटलं, आपण हिला इथलं शिकवायला निघालो होतो. मी रडलो. कौतिकभाऊंनी तेवढ्यात चहा सांगितला. तो मात्र मी पहिल्यांदाच स्वस्थ बसून प्यालो.

खांब पावणेनऊला गल्लीत पोहोचले. कानबाई नऊला बसली. नथ घालून, हिरवी साडी नेसून, चार सरळ, लांब खांबांमध्ये. इतके देखणे खांब गल्लीत आजवर कोणाच्या देवीला मिळाले नव्हते, असं सगळ्या बाया म्हणाल्या.

दुपारी पार्वतीमाय आमच्याकडे आल्या. त्यांनी पिंपातल्या तुकड्यांचा निकाल दिला. “ते खांब कानबाईच्या नावानं आले होते. आता ते तिचे. उद्या ती नदीवर जाईन, मग तुम्ही घ्या. पन सोडा नाही, इस्तो नाही.” इस्तो म्हणजे विस्तव. “पानी आन् राख. जेवढे दिवस लागतीन तेवढे लागू द्या.” मी मान डोलावली. मग त्यांनी पदराखालून ताटली काढली, त्यावर रोट, आणि युनासमोर धरली.

गल्लीतल्या दोन-तीन सुना दारात थबकल्या. “माय, रोट भाऊबंदकीबाहेर…” एकीनं सुरुवात केली.

“मले सांगतीस?” पार्वतीमाय म्हणाल्या. “स्वताचे खांब दिले पोरीनं. बाहेरची कशी व्हईन ती?”

युनानं दोन्ही हातांनी ताटली घेतली, कमरेत वाकली, आणि तिथेच पायरीवर बसून रोट खाल्ला, सावकाश, डोळे मिटून. सात आठवडे! मी एकतीस वर्षं! कोकिळानं माझ्याकडे बघितलं. मी पिंपाकडे बघितलं.

पुढचं लवकर सांगतो. अकरा दिवस तुकडे राखेच्या पाण्यात भिजले. युना रोज पाणी बदलायची आणि पिंपाशी बसायची. मग लाकडी मोगरीनं कुटणं, मग जाळीच्या चौकटीवर लगदा उचलणं. कागद उचलायची तिची रीत बघत राहावी अशी होती. चौकट पाण्यात शिरायची ती कळायचीही नाही. मी चौतीस वर्षं टनांनी कागद काढला, पण एक कागद जन्माला येताना कधी पाहिला नव्हता. बोटभर धाग्यामुळे निम्मे उचलतानाच फाटले. श्रावणातल्या दमट हवेत उरलेले वाळेनात. तेरा वाळले. तेरावा मी मदत म्हणून इस्त्री केला. बारा उरले.

विमानाच्या आदल्या दिवशी पार्वतीमाय स्टेशनवर आल्या होत्या. युना बारा कागद छातीशी धरून गेली. आठ कमी. मी रात्रंदिवस एकच विचार करत होतो, की त्या छापखान्यात ती पावत्या छापते आहे आणि प्रत्येक पावतीवर माझं नाव आहे.

नोव्हेंबरमध्ये तिचा प्रबंध आला, तिनंच हिंदीत करून पाठवलेला. पास झाली होती. परीक्षकांनी विचारलं म्हणे, कागद बाराच का? तिनं कारण लिहून दिलं होतं आणि त्यांना कागदापेक्षा ते कारणच जास्त आवडलं. मी अधीरतेनं, म्हणजे शिस्तीनं, प्रबंध चाळला. मार्गदर्शक म्हणून माझं नाव कुठेतरी असणार. ऋणनिर्देशात कौतिकभाऊ होते, गुरू म्हणून. पार्वतीमाय होत्या. कोकिळा होती. कचेरीतले बाबूजी होते. मी नव्हतो. शेवटी परिशिष्टात सापडलो. शीर्षक होतं, ‘विलंब के कारण’. एक, वर्षा ऋतु. दो, सुधाकर अंकल.

मोतीलालजींना हे कळलं. त्यांनी इंदूरच्या साल्यालाही कळवलं.

परवा यंदाची कानबाई झाली. पहाटे साडेपाचला माझ्या कानात भोंगा वाजला. मी दार उघडलं. ओट्याला चार खांब टेकलेले. मी खुर्ची आणली आणि त्यांच्याशेजारी बसलो. हात मांडीवर, कुऱ्हाड घरात. गाय आली तर हाकलली. उजाडलं. पेपर आला. मोतीलालजी आले, बसले, उठून गेले. साडेआठला पार्वतीमायचे नातेवाईक खांब घ्यायला आले, तोवर मी तीन तास काहीही केलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि गंमत म्हणजे फार काही बिघडलं नाही.

दुपारी पार्वतीमाय रस्ता ओलांडून आल्या. पदराखाली ताटली.

“घे, सुधाकर.”

“मला?”

“एकतीस वर्सं सनाच्या दिवशी तुले कधी बसलेला पाह्यला नाही मी. पळनाऱ्याच्या हातात रोट कसा द्याव?” त्यांनी ताटली माझ्या हातात ठेवली. “आता बसलास. पन एकट्यानं खायचा नाही. घरचे सारे लागतात. पोरीले फोन लाव.”

मी लावला. युनाचा चेहरा पडद्यावर आला. मागे वर्ग, मुलं. ती आता तिथे रविवारचे वर्ग घेते. मी ताटली उचलून दाखवली. तिनं तोंडावर हात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, “अंकलजी, कक्षा चल रही है। चालीस मिनट प्रतीक्षा करेंगे?”

समोर रोट. गरम. एकतीस वर्षांचा. कोकिळा माझ्याकडे बघत होती, पार्वतीमाय बघत होत्या, फाटकावरून मोतीलालजी बघत होते.

“होई जाईन,” मी म्हटलं, आणि ताटली मांडीवर घेऊन बसून राहिलो.